हजर पर्वतातले माकडशिंग : आखाती घरात एक दुर्मीळ मांसल रोप जपताना

आखातातील मराठी घरांच्या गॅलऱ्यांत तुळस, कढीपत्ता आणि गवती चहा यांच्या शेजारी गेल्या काही वर्षांत लहान कुंड्यांची आणखी एक रांग दिसू लागली आहे. कोरफडीचे जातभाई, अडेनियम, ‘जिवंत दगड’ म्हणून विकले जाणारे लिथॉप्स अशी ही मंडळी. वाळवंटाच्या देशात वाळवंटी झाड लावायचे, त्याला पाणीही फारसे लागत नाही, उन्हाळी सुट्टीत महिनाभर गावी गेलो तरी बिघडत नाही, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब दर ऑगस्टमध्ये चुकतो. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवलेली असते, शेजारी मायेने एक दिवसाआड पाणी घालतो आणि सुट्टीवरून परतल्यावर कुंडीत बुडाशी मऊ पडलेले, बोट लावताच कलंडणारे काहीतरी सापडते. दोष उन्हाला दिला जातो.

दोष उन्हाचा क्वचितच असतो. संयुक्त अरब अमिरातीत ही रोपे मरतात ती बहुधा उन्हाळ्यातल्या उबदार, दमट रात्री आणि त्या रात्रींत कुंडीत साचून राहिलेल्या पाण्यामुळे. हे एकदा नीट समजले की या देशातल्याच एका लहानशा दुर्मीळ रोपाची जोपासना अवघड राहत नाही. ते रोप म्हणजे हजर पर्वतातले कॅरलुमा. आपल्या माळरानावरच्या माकडशिंगाचे ते अरबी भावंड आहे.

ओळख

शास्त्रीय साहित्यात हे रोप ‘कॅरलुमा अरेबिका’ या नावाने अनेक वर्षे नांदले. अलीकडच्या वर्गीकरणात त्याला ‘डेस्मिडॉर्किस’ या प्रजातीत घातले आहे, त्यामुळे दोन्ही नावे आढळतात. अमिरातींचा पूर्वेकडचा डोंगराळ भाग आणि उत्तर ओमान हे त्याचे घर. उंची फार तर वीतभर. पाने नाहीतच म्हटले तरी चालेल. चौकोनी, राखट हिरव्या, कडांना दातेरी असलेल्या मांसल कांड्या खडकांच्या फटीतून किंवा एखाद्या झुडपाच्या आडोशाने वर आलेल्या असतात. फुले कांडीच्या टोकाशी झुपक्याने येतात, गडद जांभळट तपकिरी रंगाची. त्यांचा वास माशांना आवडेल असा, म्हणजे माणसाला नकोसा.

कूळ रुईचे. अमिरातीत महामार्गाच्या कडेला वाळूत उभी असलेली, जांभळट पांढऱ्या फुलांची जी झुडपे दिसतात ती रुईचीच एक जात. या रोपाचे आणि तिचे गोत्र एक. फरक इतका, की रुईचे पान मोडले की पांढरा चीक येतो आणि याच्या कांडीतून निघतो तो पाण्यासारखा रस. फळे मात्र नात्याची साक्ष देतात. दोन शिंगांसारख्या जोडशेंगा, त्या तडकल्या की रेशमी झुपका डोक्यावर घेऊन वाऱ्यावर निघणाऱ्या बिया. ‘माकडशिंग’ या मराठी नावाचे मूळ पाहायला दूर जावे लागत नाही.

कॅरलुमा हे नाव रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली रूढ केले. ते त्याने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या तेलुगू नावावरून घेतले, असे एक मत आहे. अरबी भाषेतल्या मिळत्याजुळत्या शब्दांकडे बोट दाखवणारेही आहेत. नावाचा निकाल काहीही लागो, हे घराणे हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर पसरलेले आहे एवढे खरे. महाराष्ट्रात दुष्काळी भागातले लोक माकडशिंगाच्या कांड्या भाजीसारख्या खात आले आहेत, आणि त्याच वनस्पतीचा अर्क भूक कमी करणाऱ्या गोळ्यांच्या रूपाने जगभर विकला जातो. एकाच रोपाचा उपयोग पोट भरायलाही आणि भूक मारायलाही, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

डोंगरात हे रोप शोधायचे तर मारीक्का योंगब्लोड यांचे २००३ सालचे अमिरातींच्या रानफुलांवरचे पुस्तक आजही सर्वांत उपयोगी पडते. एमिरेट्स नॅचरल हिस्टरी ग्रुपचे ‘ट्रिब्युलस’ हे नियतकालिकही चाळावे. ट्रिब्युलस म्हणजे आपल्या गोखरूची प्रजाती, हे कळल्यावर त्या मुखपृष्ठाशी थोडी जवळीक वाटते. प्रत्यक्ष पाहताना नजर उघड्या वाळूवर ठेवू नये. शेराच्या काटक्यांसारखे दिसणारे युफोर्बिया लॅरिकाचे झुडूप, समर म्हणजे अरबी बाभळीची विरळ सावली, उतारावरच्या दोन दगडांमधली फट, अशा जागी ते असते. शेळ्या पोहोचणार नाहीत आणि दुपारचे ऊन थेट पडणार नाही, अशी जागा त्याने निवडलेली असते. कुंडीची जागा ठरवताना एवढे आठवले तरी निम्मे काम होते.

रात्रीचे गणित

बहुतेक झाडे दिवसा रंध्रे उघडतात, हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी बाष्परूपाने पाणी गमावतात. वाळवंटात हा सौदा परवडत नाही. म्हणून मांसल वनस्पती रात्री रंध्रे उघडतात, वायू आम्लाच्या रूपात पेशींत साठवतात आणि दिवसा दारे लावून त्या साठ्यावर अन्न तयार करतात. या पद्धतीला पानफुटीच्या कुळावरून ‘क्रॅसुलेसियन आम्ल चयापचय’, संक्षेपाने ‘कॅम’ म्हणतात. तिचा एक पहिलावहिला सुगावा भारतातच लागला होता. बेंजामिन हाइन या मद्रास इलाख्यातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली लंडनला कळवले, की पानफुटीचे पान पहाटे चाखले तर आंबट लागते आणि दुपारपर्यंत ती चव नाहीशी होते. पानफुटी घरी असेल तर हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल.

ही पद्धत चालायची तर रात्र दिवसापेक्षा बरीच थंड हवी. दुबईत जानेवारीत रात्रीचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ते सरासरी तिसाच्या खाली जात नाही, शिवाय समुद्राकडून आलेला दमटपणा. अशा रात्री रोप दारे उघडतच नाही. ते झोपी जाते, आहे त्या शिदोरीवर दिवस काढते. मुळे पाणी ओढत नाहीत. मग कुंडीत घातलेले पाणी जाणार कुठे? ते तिथेच गरम होत राहते आणि बुरशीला याहून सुखाची जागा मिळत नाही. डोंगरात हजार मीटरवर रात्र काही अंशांनी थंड असते, उतारावर पाणी थांबत नाही, वारा असतो. दहाव्या मजल्यावरच्या काचबंद गॅलरीत यातले काहीच नसते.

म्हणून या रोपाच्या बाबतीत पहिला धडा पाणी देण्याचा नाही, हात आवरण्याचा आहे. उन्हाळ्यात कांड्या आकसतात, जांभळट होतात, शिळ्या शेवग्याच्या शेंगेसारख्या सुरकुततात. ही तहान नाही, झोप आहे. त्या वेळी दया दाखवणारा रोप गमावतो.

कुंडी आणि माती

दारातली वाळू उचलून कुंडी भरण्याचा मोह टाळावा. इथली टेकड्यांवरची वाळू फार बारीक असते, तिच्यात क्षार आणि चुना असतो, आणि ओली झाली की ती सिमेंटासारखी बसते. नर्सरीत ‘स्वीट सँड’ नावाने मिळणारी वाळू धुतलेली, कमी खारट असते खरी, पण तीही बारीकच. मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग खडीचा हवा, मसुराच्या ते हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या आकाराची खडी. उरलेल्या भागात परलाइट किंवा प्युमिस आणि थोडी चाळलेली बागेची माती. कोकोपीट मी जवळजवळ वापरतच नाही. ते एकदा कोरडे पडले की पाणी झटकते आणि ओले झाले की सोडत नाही. या रोपाला दोन्ही नकोत.

कुंडी मातीची, उथळ, तळाला मोठे भोक असलेली. काळी प्लास्टिकची कुंडी फरशीवर ठेवली तर मे महिन्यात ती चटके देण्याइतकी तापते आणि आतल्या मुळांचे काय होत असेल ते सांगायला नको. कुंडीखाली ताटली ठेवू नये. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. १६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातींत जो पाऊस पडला तो १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा होता. अल ऐन परिसरातील खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलीमीटर पाऊस मोजला गेला; दुबईचा संपूर्ण वर्षाचा पाऊसही शंभर मिलीमीटरच्या आसपास असतो. त्या दिवशी माझ्या उघड्या गॅलरीतल्या कुंड्या सारख्याच भिजल्या. ज्यांच्याखाली काही नव्हते त्या आठवड्यात सुकल्या आणि पुढे फुलल्याही. ज्या दोन कुंड्यांखाली फरशीवर डाग पडू नयेत म्हणून ताटल्या ठेवल्या होत्या, त्यातली रोपे मे संपण्यापूर्वी गेली.

ऊन सकाळचे उत्तम. पूर्वेची गॅलरी असेल तर भाग्यच. पश्चिमेला समोरच्या इमारतीच्या काचांवरून परतणारे ऊन थेट उन्हापेक्षा वाईट, तिथे निम्मी सावली देणारी हिरवी जाळी बांधावी. घरात एसीच्या झोताखाली ठेवलेले रोप मरत नाही, पण उजेडाअभावी लांबट, फिकट, बारीक होते आणि त्याचा घाट कायमचा बिघडतो.

वर्षाचे वेळापत्रक

या रोपाचे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होते. रात्रीचे तापमान पंचविसाच्या खाली स्थिर झाले, पहाटे गॅलरीत उभे राहावेसे वाटू लागले, की पहिले भरपूर पाणी द्यावे, तळातून वाहून जाईल इतके. पाच-सहा दिवसांत सुरकुत्या भरून येतात. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी एकदा, दर वेळी मिश्रण तळापर्यंत सुकल्यावरच. शंका असेल तर बांबूची बारीक काडी कुंडीत खुपसून बाहेर काढावी. तिला ओल लागली तर थांबावे. डिसेंबर-जानेवारीत अंतर आणखी वाढवावे. कमी नत्राचे खत, सांगितलेल्या मात्रेच्या चौथाई, हिवाळ्यात एक-दोनदा पुरे. एप्रिलपासून पाणी हळूहळू तोडत आणावे. मेच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत तीन-चार आठवड्यांतून एकदा दोन-तीन चमचे, कुंडी गार झाल्यावर, तेही बारीक मुळे अगदीच जळू नयेत म्हणून. सुट्टीवर जाताना शेजाऱ्याला किल्ली द्यावी, पण या कुंडीकडे पाहू नका अशी विनंतीही करावी.

पाण्याविषयी एक खास आखाती गोष्ट. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की गार पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजतो. बंद ठेवलेल्या गीझरमधले पाणी त्यापेक्षा गार असल्याने लोक त्यानेच आंघोळ करतात, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ते नळाचे पाणी थेट कुंडीत गेले तर मुळे शिजतात. बादलीत भरून रात्रभर घरात ठेवावे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी क्षारविरहित असते, मिश्रणात साठलेले क्षार धुऊन काढायला अधूनमधून ते चांगले. गंमत अशी की ते बादलीबादलीने मिळते तेव्हा रोपाला नको असते.

किडींत दोघांवर लक्ष ठेवावे. कांड्यांच्या खाचांत आणि मुळांवर बसणारा पिठ्या ढेकूण, आणि रुईच्या कुळावर हमखास येणारा पिवळा मावा. पहिल्यासाठी स्पिरिटात बुडवलेला कापसाचा बोळा, दुसऱ्यासाठी साबणाचे पातळ पाणी, संध्याकाळी. कांडी बुडाशी पिवळी, पाणचट दिसू लागली तर वाट पाहू नये. निरोगी, आतून स्वच्छ हिरवट पांढरा भाग दिसेपर्यंत धारदार सुरीने वरून कापावे, काप सावलीत आठ-दहा दिवस सुकवावा आणि कोरड्या खडीत नुसता टेकवून ठेवावा. कापावर कोणी हळद लावतो, कोणी दालचिनीची पूड. माझ्या मते खरे काम सुकवण्यानेच होते. अशी वाचवलेली कांडी बहुतेक वेळा मुळे धरते, हिवाळ्यात हमखास.

रोप कुठून आणावे

डोंगरातून आणू नये. फुजैराच्या वादी वुरय्यासारख्या संरक्षित क्षेत्रात तसे करणे बेकायदा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. हजरमध्ये पाऊस अनियमित, शेळ्या भरपूर, नवीन रस्ते आणि खाणी वाढत्या; फटीतले एक जुने झुडूप उपटले की तिथे दुसरे यायला किती पावसाळे जावे लागतील कोण जाणे. आणि उपटलेले रोप कुंडीत फारसे टिकत नाही, कारण त्याची पसरलेली मुळे खडकातच राहतात.

विकत घेताना विक्रेत्याला सरळ विचारावे : हे कुंडीतच वाढवलेले आहे का? उत्तरापेक्षा रोपाकडे नीट पाहावे. रानातून आणलेल्या रोपाच्या कांड्या एकसारख्या नसतात, उन्हाने करपलेल्या, शेळीने कुरतडून पुन्हा फुटलेल्या असतात. खाली एक जाड, तुटलेले जुने मूळ असते आणि बारीक मुळांचे जाळे नसते. बागेत काप लावून वाढवलेले रोप याउलट टवटवीत आणि एकसारखे दिसते. ते स्वस्त असते, आणि ते जगते.

सह्याद्रीची नातलग

हजरच्या या रोपाची एक बहीण महाराष्ट्रात आहे आणि ती त्याहून दुर्मीळ आहे. शिंदळ माकुडी. निकोल डाल्झेल या इंग्रज अमदानीतल्या वनाधिकाऱ्याने १८६५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तत्कालीन मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, रंधा धबधब्याचा परिसर अशा मोजक्या कड्यांवर ती आढळते, जगात इतरत्र नाही. किरमिजी रंगाचे, पिवळ्या ठिपक्यांचे, नाण्याएवढे पंचकोनी फूल. आणि या घराण्यात अपवादाने दिसणारी खरीखुरी, रुंद पाने. पावसाळ्यात पाने येतात, उन्हाळ्यात गळतात आणि नुसत्या बोटभर जाडीच्या कांड्या कड्याला लोंबत राहतात. सातारा जिल्ह्यात शिरवळजवळ असलेल्या नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने ही वनस्पती वाढवून पुन्हा कड्यांवर लावण्याचे मोलाचे काम केले आहे.

तिचा उल्लेख इथे दोन कारणांनी. पहिले कारण, तिची एखादी कांडी गावाकडून येताना बॅगेत टाकून आणण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती मनातून काढून टाकावी. रानातून गोळा केलेल्या ज्या वनस्पतींच्या निर्यातीवर भारत सरकारने १९९८ मध्ये अधिसूचना काढून बंदी घातली, त्या एकोणतीस नावांच्या यादीत ‘शिंदळ माकुंडी’ या काहीशा बदललेल्या नावाने ती आहे. आपल्या कंदीलपुष्पांची संपूर्ण सेरोपेजिया प्रजातीही आहे. इकडे अमिरातीत उतरतानाही कोणत्याही रोपासोबत वनस्पती-आरोग्याचे, म्हणजे फायटोसॅनिटरी, प्रमाणपत्र लागते. लागवडीतून वाढवलेली फ्रेरिया युरोपातल्या हौशी संग्राहकांकडे वर्षानुवर्षे आहे आणि कागदपत्रांसह मिळू शकते. जुन्नरच्या कड्यावर शोधावी लागणारी वनस्पती युरोपातल्या काचघरात सहज वाढते, हे वाचून वाईट वाटले तरी तिच्या दृष्टीने ते बरेच आहे.

दुसरे कारण तिच्या वेळापत्रकाचे. हजरचे रोप हिवाळ्यात जागे, तर माकुडी मूळची पावसाळ्यात जागणारी. दोन्ही एकाच रांगेत ठेवून एकाच झारीने पाणी घातले तर एक नक्की जाते. सुदैवाने माकुडी स्वतः बोलते. तिला पान असेल तर पाणी, पान पिवळे पडून गळू लागले तर पाणी बंद. दुबईत तिला कोवळी पाने बहुधा सप्टेंबर अखेरीस फुटतात, डिसेंबरच्या थंडीत गळतात आणि मार्चमध्ये पुन्हा दिसू लागतात. जून ते ऑगस्ट तिला जाळीखाली, वाऱ्यावर, जवळजवळ कोरडे ठेवावे. गावी पाऊस कोसळत असल्याची छायाचित्रे फोनवर येऊ लागली की तिलाही पाणी घालावेसे वाटते. घालू नये.

दोघींनाही फुले आली की माशा येतात. परागीभवन त्याच करतात, म्हणून त्यांना हाकलू नये; फार तर चार दिवस कुंडी खिडकीपासून दूर, गॅलरीच्या टोकाला ठेवावी. जोडशेंगा धरल्या तर तडकण्याआधी त्यांच्यावर पातळ मलमलीची पिशवी बांधावी, नाहीतर बिया शेजाऱ्याच्या एसीच्या जाळीत सापडतात. बी जुने होऊ देऊ नये. ऑक्टोबरमध्ये ओलसर बारीक खडीवर पेरून, वर पारदर्शक झाकण ठेवले तर आठवड्याच्या आत हिरवे ठिपके दिसू लागतात. झाकण मात्र रोज थोडा वेळ उघडावे, आणि ते ठिपके गव्हाच्या दाण्याएवढे झाले की काढून टाकावे.